जी बेकरी ‘नको घेऊ’ म्हणते, तिचा नंबर सेव्ह कर

पत्र असं आलंय:

“ताई, आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी बारा वर्षांची आहे, आठ महिन्यांपूर्वी तिला सीलिॲक निघालं, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही तो आजार. त्याआधी दर रविवारी सकाळी ती आणि तिचे बाबा स्कूटरवर कॅम्पात जायचे, कयानीची श्रूजबेरी, हिंदुस्तानचे पॅटिस, खारी, कधी केक. आता ती म्हणते तुम्ही जा, मला काही नकोय. मागच्या महिन्यात एका दुकानात ग्लुटेन फ्री म्हणून नाचणीचा ब्रेड मिळाला, मी खुशीत घेऊन आले आणि तिला दोन दिवस पोटदुखी, उलट्या. दुकानात काही विचारायला गेलं की काउंटरवरची मुलं वैतागतात, मागे लाइन असते, मलाच ओशाळल्यासारखं होतं. सासूबाई म्हणतात एवढ्या-तेवढ्याने काय होतंय. पुण्यात कुठल्या बेकरीत जावं, काय विचारावं ते सांगाल का? मे महिन्यात गोव्यालाही जायचंय. धाकटा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला काही त्रास नाही. — एका मुलीची आई”

अगं, तुला तू म्हणतेय, चालेल ना. पत्र वाचलं आणि पोटदुखीपेक्षाही मला त्या रविवारचं जास्त वाईट वाटलं. बारा वर्षांची पोर “मला नकोय” म्हणते तेव्हा तिला हवंच असतं, फक्त तिच्यामुळे सगळ्यांची पंचाईत होते असं तिला वाटायला लागलेलं असतं. माझ्या धाकट्या भावाचं असंच झालेलं. त्याला सव्विसाव्या वर्षी कळलं, त्याआधी कितीतरी वर्षं हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सगळं चालू होतं आणि वाढायचं नाही ते नाहीच, कारण आतड्याला सूज, मग खाल्लेलं अंगी लागणार कुठून. निदान झाल्यावर पहिले सहा महिने तो आमच्याबरोबर कुठल्या हॉटेलात की बेकरीत पाऊल टाकायला तयार नव्हता. आता तो पुण्यातल्या बेकऱ्यांमधे मोकळेपणाने जातो, विचारतो, घेतो किंवा न घेता परत येतो. तर जे सांगतेय ते त्याच्याबरोबर हिंडून कळलेलं आहे.

आधी तुला जे हवंय तेच देत नाहीये, बेकऱ्यांची यादी. मुद्दाम. आज ज्या ठिकाणी ग्लुटेन फ्री ब्रेड वेगळ्या खोलीत बनतो तिथला कारागीर उद्या गावाला जातो, नवा येतो, जागा लहान पडते म्हणून दोन्ही एकाच टेबलावर सुरू होतं आणि बोर्ड मात्र तोच राहतो. माझ्या यादीवर विसंबून तू पोरीला काही देशील आणि मधे काहीतरी बदललेलं असेल, हे मला नकोय. त्यापेक्षा कुठल्याही बेकरीत शिरल्यावर पाच मिनिटांत अंदाज कसा घ्यायचा ते शिकून घे, ते पुण्यात चालेल, मडगावला चालेल, उद्या लेक शिकायला परदेशी गेली तर तिथेही चालेल.

तो नाचणीचा ब्रेड. बहुतेक काय झालं असेल सांगू का, नाचणी असेलच त्यात, पण नाचणीबरोबर गहू असणार. नुसत्या नाचणीचा ब्रेड आपल्याला माहितीय तसा फुगत नाही, कारण गव्हात जे ग्लुटेन असतं त्याचंच पिठात चिवट जाळं होतं आणि यीस्टचा गॅस त्या जाळ्यात अडकतो म्हणून पाव फुगतो. भाकरी थापताना पीठ कडेने चिरतं ना, पोळीचं चिरत नाही, तोच फरक. म्हणून बाजारातल्या नाचणी, ज्वारी, मल्टीग्रेन ब्रेडमधे बऱ्याचदा निम्म्याहून जास्त मैदा किंवा कणीक असते आणि नाचणी नावापुरती. पाकीट उलटं करून घटक वाचायचे, जे वजनाने जास्त ते आधी लिहिलेलं असतं. पाकिटावर गहू असल्याचं ॲलर्जीच्या ओळीत लिहिणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे आणि ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, हा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे. पण हे पाकीटबंद मालाचं झालं. काचेच्या कपाटातल्या सुट्या ब्रेडला लेबलच नसतं, तिथे तू विचारलेले प्रश्न हेच लेबल, म्हणून ओशाळायचं काहीच कारण नाही.

आणखी काही शब्द फसवतात. होल व्हीट म्हणजे गहूच. ब्राऊन ब्रेड गहूच. मैदा फ्री म्हणजे बहुतेक वेळा कणकेचा. सावरडो म्हणजे आंबवलेला ब्रेड, तो पचायला हलका वाटतो वगैरे लोक सांगतात, पण गव्हाचा असेल तर सीलिॲकवाल्यांना चालत नाही, आंबवून ग्लुटेन पुरेसं जात नाही. आणि खपली! पुण्यात सध्या दर दोन दुकानांआड खपलीची बिस्किटं, खपलीचा ब्रेड, आणि विकणारे अगदी मनापासून सांगतात की ताई ह्यात ग्लुटेन कमी असतं. खपली हा गहूच आहे, जुना, चांगला, चवीचा गहू, तुझ्या-माझ्यासाठी उत्तम, तुझ्या लेकीला एक घासही नाही. जव आणि राय (म्हणजे rye हे धान्य, मोहरी नव्हे) पण नाही, आणि जवाचं माल्ट बिस्किटांत, कॉर्नफ्लेक्समधे घालतात तेही बघत जा. ओट्स घ्यायचेच तर पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहिलेलेच, आणि तेही डॉक्टरांना विचारून, कारण साध्या ओट्समधे गहू मिसळलेला असतोच असं धरून चालायचं.

आता बेकरी. तिथला खरा शत्रू रेसिपी नाही, उडणारा मैदा आहे. कधी जुन्या बेकरीत आतल्या बाजूला डोकावून बघ, पोतं उपसताना पिठाचा ढग उठतो, भिंतीवर, पंख्यावर, कारागिरांच्या भुवयांवर पांढरं बसलेलं असतं आणि हवेतलं पीठ बराच वेळ खाली बसत राहतं. अशा खोलीत कोणी कितीही प्रामाणिकपणे तांदळाच्या पिठाचा केक केला तरी त्यावर मैदा पडणारच. मग केकचा डबा चिकटू नये म्हणून आधी तूप लावून वर मैदा भुरभुरवतात, हे इतकं सवयीचं असतं की विचारलं तरी कारागिराला आठवत नाही. तोच मिक्सर, तोच ब्रश, थंड करायची तीच जाळी. आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे ब्रेड कापायचं मशीन, त्याच्या पात्यांमधे दिवसभराचा चुरा अडकलेला असतो, त्यातून तुझा ब्रेड काढला की संपलं. म्हणून भाऊ नेहमी अख्खा लोफ घेतो, घरच्या सुरीने कापतो, आणि ती सुरी घरात दुसऱ्या कशालाही वापरत नाहीत.

सासूबाईंना हे आकड्यात सांग, आकडे पटतात कधीकधी. साध्या ब्रेडच्या एका स्लाइसमधे साधारण दीड-दोन ग्रॅम ग्लुटेन असतं. सीलिॲकच्या बहुतेक लोकांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत सोसतं असं धरतात. म्हणजे त्या स्लाइसचे दीडशे-दोनशे तुकडे केले तर त्यातला एक, तेवढीच मर्यादा, अख्ख्या दिवसाची. खारीचा चुरा ताटलीत किती पडतो ते त्यांनीच बघावं. आणि गोष्ट सांगायची असेल तर डॉ. विलेम डिके यांची सांग. नेदरलँड्सचे लहान मुलांचे डॉक्टर, गव्हाबद्दल त्यांना आधीपासूनच संशय होता, मग 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले, आणि हीच आजारी मुलं मात्र सुधारली. युद्ध संपून पाव परत आला तशी पुन्हा खालावली. 1950 साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. आपल्या आज्या लेकराला अन्न तोडू नये म्हणतात ते प्रेमानेच, पण इथे तोडणं हेच औषध आहे, दुसरं औषध अजून नाहीच.

बरं, विचारायचं कसं. ग्लुटेन हा शब्दच काढू नकोस. काउंटरवरच्या मुलाला तो शब्द फॅशनसारखा वाटतो, डाएट करणाऱ्या ताया विचारतात तसं, आणि तो सरळ “हो आहे ना” म्हणतो. त्याच्या शब्दांत बोल: मैदा, कणीक, रवा, सोजी, शेवया, ह्यातलं काहीही चालत नाही, कणभर पण नाही, मुलगी आजारी पडते. कितीतरी जणांना रवा गव्हाचा असतो हेच माहीत नसतं, मैदा गव्हाचा असतो हे पण माहीत नसलेले भेटलेत मला. आणि शक्यतो मुलाला नाही, मालकांना किंवा आतल्या कारागिराला विचार. त्यासाठी रविवारी सकाळी जाऊन उपयोग नाही, नाताळच्या आठवड्यात तर मुळीच नाही. मधल्या वारी, गर्दी ओसरल्यावर, आधी फोन करून जा आणि जुन्या बेकऱ्या दुपारी बंद असतात तेही धरून. आठवड्यातल्या एका निवांत दिवशी दहा मिनिटं बोललीस की रविवारी लाइनमधे उभं राहून भांडावं लागत नाही.

काय विचारायचं ते पण लांबलचक नको. हे बनवता त्याच खोलीत मैदा असतो का? नसेल तर मिक्सर, जाळी, कापायचं मशीन वेगळं आहे का? डब्याला आतून काय लावता? एवढं पुरे. आणि मग उत्तरापेक्षा माणूस ऐक. जो पटकन “सगळं चालतं मॅडम, बिनधास्त घ्या” म्हणतो तिथून निघायचं. जो थांबतो, विचार करतो, आत जाऊन बघून येतो आणि म्हणतो “आमच्याकडे मैदा उडतो हो, मुलीला एवढा त्रास असेल तर नका घेऊ”, त्याला मनापासून थँक्यू म्हणायचं आणि त्याचा नंबर सेव्ह करायचा. हे मी उगाच म्हणत नाहीये. आमच्या घराजवळ एक जुनी बेकरी आहे, तिथल्या काकांनी भावाला स्वच्छ सांगितलं, बाळा माझ्याकडचं काही नको घेऊ, नानकटाईत रवा, केकमधे मैदा, बदामाच्या मॅकरूनमधे मैदा नाही पण ते खारीच्या शेजारी ठेवतो. त्या एका ‘नको’मुळे आम्हाला ते जवळचे वाटले. पुढच्या महिन्यात त्यांनीच फोन करून सांगितलं की त्यांच्या ओळखीतल्या एक बाई आहेत, त्यांच्या स्वतःच्या मुलाला सीलिॲक आहे, घरात गहू येतच नाही, त्या ब्रेड करतात. बेकरीवाल्यांना एकमेकांचं सगळं माहीत असतं गं, कोण काय करतं, कुणाची भट्टी कधी पेटते, कुणाकडे स्वच्छता आहे. त्या बाई लांब राहतात म्हणून त्यांचा सीलबंद लोफ आता दर शनिवारी काकांच्या काउंटरमागच्या फ्रीजमधे येऊन पडतो, वर मार्करने भावाचं नाव, आणि भाऊ तो घ्यायला जातो तेव्हा काकांकडे अर्धा तास गप्पा मारत बसतो. बेकरीत जाणं परत सुरू झालं त्याचं, खाणं दुसऱ्या ठिकाणचं असलं तरी.

तर तुझ्या लेकीसाठी शोध घ्यायचा तो अशाच जागेचा, जिथे गहू आतच येत नाही. असं अख्खं युनिट मिळालं तर उत्तम, नाहीतर घरून करणारी व्यक्ती. पण घरून करणाऱ्यांनाही विचार की त्याच ओट्यावर रोज पोळ्या लाटता का, कारण “होममेड आहे” ह्याचा अर्थ सुरक्षित आहे असा होत नाही, आणि एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन त्यांनाही लागतं, चौदा आकडी नंबर असतो, तो विचारायला संकोच नको.

मॅकरून, मेरिंग, मार्झिपान, बिनपिठाचा चॉकलेट केक, ह्यात मुळात गहू लागत नाही, म्हणून मन तिकडे धावतं. नारळाच्या मॅकरूनमधे काही जण बांधायला मैदा घालतात ते विचारायचं, आणि मैदा नसला तरी ते काचेच्या कपाटात कुठे ठेवलंय ते बघायचं. खारीच्या खालच्या खणात असेल तर राहू दे. आत पाकिटात बंद होऊन आलेलं असेल तर बोलता येईल.

चवीबद्दल आधीच सांगून ठेव तिला. ग्लुटेन फ्री ब्रेडचं पीठ मळायचं नसतंच, ते इडलीच्या पिठासारखं सरसरीत असतं, डब्यात ओततात, आणि ग्लुटेनच्या जागी इसबगोल किंवा झँथन गम घालतात, म्हणजे जाळं थोडंतरी धरतं. तांदूळ, ज्वारी, साबुदाण्याचं नाहीतर बटाट्याचं स्टार्च, असं मिश्रण. ताजा असतो तेव्हा छान लागतो आणि दुसऱ्याच दिवशी भुसभुशीत, कोरडा. त्यात बेकरीवाल्याची चूक नाही, तो प्रकारच लवकर शिळा होतो. घरी आणला की थंड झाल्यावर लगेच कापायचा, स्लाइसमधे बटर पेपर घालून सरळ फ्रीजरला, लागेल तशी एक-एक काढून तव्यावर भाजायची. तवा वेगळा हं, आणि टोस्टर तर पूर्ण वेगळा, जुन्या टोस्टरच्या जाळीतला चुरा काही केल्या निघत नाही. महाग असतो, दुप्पट-तिप्पट सहज, म्हणून दोन लोफ एकदम आण आणि फ्रीजर भर. आणि पहिल्यांदा नेशील तेव्हा लेकीला कयानीशी तुलना करायला लावू नकोस, श्रूजबेरी ती श्रूजबेरी. तिला त्यातलं तिचं काहीतरी आवडेल, भावाला आता ज्वारीचा ब्रेड आणि पांढरं लोणी इतकं आवडतं की तो इतरांना वाटत नाही.

बेकरीपलीकडचं थोडं, कारण घरातूनही कुठूनतरी जात असू शकतं. गिरणीत ज्वारी टाकतेस का? आधीच्याने गहू दळलेला असेल तर तुझ्या ज्वारीत तो येणारच, घरघंटी घेतलीत तर फार बरं. भाजणीत गहू घालतात का बघ. आणि हिंग! डबीवर वाच, बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. तांदळाचं पीठ घातलेला मिळतो, तो आण.

गोव्यात काय कराल. सकाळी पोदेर, म्हणजे तिथला पाववाला, हॉर्न वाजवत सायकलवर येईल आणि सगळे धावतील, पाव, उंडे, पोय, कांकणं, ती सगळी गव्हाचीच, पोयवर तर गव्हाचा कोंडाच लावलेला असतो, आणि कोणीतरी नक्की म्हणेल ती हेल्दी आहे, हिला द्या. नाही. बेबिंकात मैदा असतो, बाथ नावाच्या नारळाच्या केकमधे रवा. पण गोव्याच्याच घरांमधे तांदळाचं, नारळाचं, गुळाचं इतकं काही आहे की ही एक जागा अशी आहे जिथे तिला बाकीच्यांपेक्षा जास्त मिळेल: दोदोल, तांदूळ-गूळ-खोबऱ्याचं पिनाग, चण्याच्या डाळीचं दोस, पेरूचं पेराद, आणि इडलीसारखी सान्नं. बेकरीतून सुटं घेऊ नकोस, घरून करून विकणाऱ्या बाईंकडून घे आणि तेच तीन प्रश्न विचार, दोदोलला तांदळाचंच पीठ ना, ताटाला काही लावता का वगैरे. ताजा दोदोल गरम असताना मिळाला ना तर पोर बाकी सगळं विसरेल.

धाकट्याची टेस्ट करून घे. त्रास नाही म्हणतेस, पण सख्ख्या नात्यात साधारण दहातल्या एकाला निघतं आणि कित्येकांना लक्षणं नसतातच. रक्ताची टीटीजी टेस्ट असते. फक्त टेस्ट होईपर्यंत त्याचा गहू बंद करू नका, बंद केला की टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. लेकीचीही टीटीजी पुन्हा कधी करायची ते डॉक्टरांना विचार, आकडा उतरतोय की नाही ह्यावरून कळेल की लपून काही जातंय का.

आणि रविवार बंद करू नका. पण क्रम बदला. आधी तिची बेकरी, तिचं पाकीट, ते तिच्या स्वतःच्या डब्यात बंद, आणि मग कॅम्पात जाऊन बाबांची खारी, ती वेगळ्या पिशवीत, घरी वेगळ्या कपाटात, खालच्या खणात, म्हणजे चुरा वरून खाली तिच्या डब्यावर पडणार नाही. खारी खाल्ली की बाबांनी हात धुवायचे, मगच तिच्या ताटाला हात. आणि दुकानात पहिला प्रश्न तिने विचारायचा, तू नाही. बारा वर्षांची आहे, जमेल तिला. घरी दोन-तीनदा म्हणून बघा: “काका, मला सीलिॲक आहे, मैदा-रवा-कणीक कणभरही चालत नाही, तुमच्या खोलीत मैदा असतो का?” तू दोन पावलं मागे उभी राहा. पहिल्या रविवारी काका काय म्हणाले ते मला कळव, आणि ‘नको घेऊ’ म्हणाले असतील तर त्यांना विचारून घे की मग कुणाकडे मिळेल.